लीडरशिपचा सहा शनिवारचा कोर्स केला, त्यातले तीन शनिवार खरंच कामाचे निघाले

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३.५. अर्धा कोर्स ५ चा आहे आणि अर्धा २ चा, म्हणून हे असं मधलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि हे कोर्स बहुतेक एकाच साच्यातले असतात, त्यामुळे तुम्ही कुठलाही घेणार असाल तरी काय विचारून घ्यायचं ते यातून कळेल.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी एका कारखान्यात मेंटेनन्सची शिफ्ट इन्चार्ज आहे, माझ्या टीममध्ये अकरा जण, फिटर, इलेक्ट्रिशियन, हेल्पर सगळे धरून. कोर्सचा विषय होता माणसं एकमेकांशी कशी बोलतात वागतात त्यातून पॉवर, नाती आणि लीडरशिप कशी तयार होते. मला विषय आवडला म्हणून मीच नाव दिलं, कोणी ढकललं नव्हतं. आम्ही १४ जण होतो, सगळे कुठे ना कुठे इन्चार्ज नाहीतर मॅनेजर, आणि शिकवणारे दोघं, एक सर आणि एक मॅडम. पहिला आणि चौथा शनिवार सरांचा, दुसरा, तिसरा आणि पाचवा मॅडमचा, शेवटचा दोघांचा मिळून. ही वाटणी लक्षात ठेवा, सगळा फरक तिथेच आहे.

पहिला शनिवार वाईट गेला. सरांनी सुरुवातच केली की बोलण्यातला ९३ टक्के अर्थ देहबोली आणि आवाजातून जातो, शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. हा आकडा तुम्हीही कुठेतरी ऐकला असेलच. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलाय, आणि त्या प्रयोगांत लोकांना सुटे सुटे शब्द ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून बोलणाऱ्याच्या मनातली आवड-नावड ओळखायला सांगितलं होतं. म्हणजे शब्द एक सांगतायत आणि सूर दुसरंच सांगतोय, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतंच ते होतं. सगळ्या बोलण्याला हा नियम लागू नाही हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. मी हात वर करून हे विचारायला गेले तर सरांनी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं आणि "आपण नंतर बोलू" म्हणून पुढची स्लाईड लावली. नंतर काही ते बोलले नाहीत. संवादावरच्या कोर्समध्ये हे झालं याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर त्या दिवशी कोणीच प्रश्न विचारला नाही. १४ मोठी माणसं, सगळी आपापल्या जागी बॉस, आणि एका तुटलेल्या वाक्याने सगळी गप्प. खरं तर त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धडा तोच होता, फक्त तो कोणी ठरवून शिकवला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी मॅडम आल्या आणि एकदम वेगळंच काम सुरू झालं. चार-पाच जणांचे गट केले, दहा मिनिटात एकमताने एक निर्णय घ्यायचा, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग. मग एक कोरा तक्ता दिला आणि रेकॉर्डिंग परत परत लावून भरायला लावला. कोण किती वेळा बोललं, कोणी कोणाला मध्येच तोडलं, बोलताना नजर कोणाकडे होती, कोणाचा मुद्दा पुढच्याने उचलला आणि कोणाचा तसाच पडून राहिला. आमच्या गटात एकजण अगदी सुरुवातीलाच बरोबर उपाय बोलला होता, पण कोणी उचललाच नाही. चार मिनिटांनी तोच उपाय दुसऱ्याने सांगितला, ज्याच्याकडे आम्ही सगळे आधीपासून बघत होतो, आणि सगळे म्हणाले वा. आम्हाला कोणालाच हे तेव्हा कळलं नव्हतं, पहिल्या माणसाला सोडून. त्याला कळलं होतं आणि त्यानंतर तो बोललाच नव्हता, तक्त्यात त्याच्या नावासमोर पुढच्या सहा मिनिटात एकही खूण नाही.

मॅडमनी इथे जे समजावलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. बोलताना पाळी कशी बदलते याचा नीट अभ्यास १९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी मांडला, आणि २००९ मध्ये दहा भाषांतले हो-नाहीचे प्रश्न तपासले तेव्हा दिसलं की प्रश्न संपल्यापासून उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता विचार करा, मीटिंगमध्ये जो माणूस दोन सेकंद विचार करून बोलतो, किंवा ज्याला आपण बोलावं की नाही हेच आधी ठरवावं लागतं, त्याची पाळी केव्हाच गेलेली असते. आपण त्याला म्हणतो याच्यात कॉन्फिडन्स नाही. अहो त्याला जागाच मिळाली नाही. यावर त्यांनी सांगितलेला उपाय एकदम साधा होता, प्रश्न विचारलात की मनात तीन आकडे मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांमध्ये हेच पाहिलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण सेकंदभरच थांबायचे, आणि त्यांना तीन सेकंद थांबायला लावलं तेव्हा उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली.

मग गृहपाठ, आपापल्या टीमची एक मीटिंग सगळ्यांना विचारून रेकॉर्ड करा आणि हाच तक्ता भरा. मी मंगळवारची सकाळची मीटिंग रेकॉर्ड केली आणि आठवडाभर ऐकायला वेळच मिळाला नाही, कारण गुरुवारी तीन नंबर कन्व्हेयरचा गिअरबॉक्स जाम झाला. बेअरिंग गेलं होतं. लाईन सात तास बंद, वरून फोनवर फोन, सगळी शिफ्ट त्यातच गेली. शनिवारी पहाटे उठून तक्ता भरायला बसले. मीटिंग २२ मिनिटांची, त्यात १५ मिनिटं मी एकटीच बोलत होते. ९ प्रश्न विचारले होते, त्यातल्या ६ ची उत्तरं मीच देऊन टाकली होती. आणि अकराव्या मिनिटाला आमच्या सगळ्यात नवीन हेल्परचा आवाज, "मॅडम, तीन नंबरला आवाज येतोय." त्यावर मी, "हो बघू, आणि परवाच्या ग्रीसिंगचं काय झालं?"

मी ते चार वेळा ऐकलं. मला हे वाक्य आठवतच नव्हतं. कोणी शपथेवर विचारलं असतं तरी मी म्हणाले असते की मला कोणी काही सांगितलेलं नाही, आणि ते मी खोटं बोलत नसते. सोमवारी मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की परत का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "सांगितलं होतं ना मॅडम. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं शिकवतोय." मी त्याच्यावर कधी ओरडलेली नाही हो. पण ओरडायची गरजच नव्हती, "हो बघू" आणि लगेच पुढचा विषय, एवढ्यात त्याला कळलं की इथे त्याच्या ऐकण्याची किंमत किती आहे. मला वाटायचं माझी पॉवर माझ्या पदात आहे, ऑर्डरवर सही करण्यात आहे, रजा मंजूर करण्यात आहे. ती तेवढीच नाहीये, असं रोज सकाळी अर्ध्या अर्ध्या वाक्यात ती तयार होते आणि तयार होताना कोणाला दिसत पण नाही.

या एका गोष्टीसाठी मी संस्थेला पूर्ण मार्क देते.

तिसऱ्या शनिवारी मॅडमनी सोलोमन ॲश यांचा १९५१ चा रेषांचा प्रयोग आमच्यावरच करून दाखवला. तीन रेषांतली कुठली दिलेल्या रेषेएवढी आहे ते सांगायचं, उत्तर उघड दिसतंय, पण बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगतात. मूळ प्रयोगात साधारण एक तृतीयांश वेळा लोक त्या चुकीच्या गटामागे गेले होते. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं, की गटात एकच माणूस खरं उत्तर द्यायला लागला तर ते प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. एकच सोबती. मिलग्रॅम यांच्या शॉकच्या प्रयोगाचं (हुकूम दिला म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे शॉक, तेही खोटे पण त्याला खरे वाटणारे, कुठवर देत राहतो ते बघायचं) पण तसंच, ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हे सगळे सांगतात, पण दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसवलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. समोर हुकूम देणारा होताच, फरक पडला तो शेजारच्या माणसांनी.

मला लगेच आमचे काका आठवले. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर, मशीन नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्या मंगळवारी ते त्या पोराच्या शेजारीच उभे होते. त्यांनी नुसतं "हो, मलाही ऐकू आला" म्हटलं असतं तर मी थांबलेच असते. ते का बोलले नाहीत यावर मी खूप विचार केला, आणि उत्तर कोर्सच्या पुस्तिकेत एका पानावर मिळालं. रिचर्ड इमर्सन यांचा १९६२ चा विचार आहे, तुमची माझ्यावर जेवढी पॉवर तेवढंच माझं तुमच्यावर अवलंबून असणं. म्हणजे पॉवर कोणा एकाच्या खिशात नसते, दोघांच्या मध्ये असते. कागदावर मी काकांची इन्चार्ज, पण तीन नंबरचा गिअरबॉक्स त्यांच्याशिवाय कोणाला उघडता येत नाही, त्यामुळे ब्रेकडाऊनच्या दिवशी इन्चार्ज तेच असतात, मी नुसती बॅटरी धरून उभी. दुसऱ्या कोणाला काम आलं की त्यांची जागा हलते. मी दोन वर्षं त्यांना सांगत होते की पोरांना शिकवा, आणि ते "हो हो" म्हणत होते, आणि मला वाटायचं स्वभाव आहे. स्वभाव नव्हता तो, मी त्यांच्याकडून त्यांची एकमेव ताकद मागत होते आणि बदल्यात काहीच देत नव्हते.

कोर्स संपल्यावर मी एक केलं, दर बुधवारी अर्धा तास काकांचा. मशीन तेच निवडतात, उघडतात तेच, बोलतात तेच, मी पण पोरांबरोबर उभी राहून वहीत लिहिते. मेरी पार्कर फॉलेट म्हणून एक विचारवंत होत्या, त्यांनी १९२० च्या दशकातच कोणावर तरी चालणारी सत्ता आणि कोणाबरोबर मिळून तयार होणारी सत्ता असा फरक केला होता. पुस्तिकेत वाचलं तेव्हा शब्दांचा खेळ वाटला होता. पण काका स्वतःहून त्या हेल्परला म्हणाले ना, "इकडे ये, हात लाव, इथे गरम लागतंय का बघ," तेव्हा समजला. काकांचा मान कमी नाही झाला, वाढला, आणि रविवारी त्यांना घरी फोन करायची वेळही आता कमी येते.

चौथा शनिवार सरांचा, त्यावर जास्त लिहीत नाही. एक पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, आम्हाला रंग वाटले आणि दिवसभर सगळे एकमेकांना रंगावरून ओळखायला लागले. मग कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहा, हार्मोन बदलतात, पॉवर येते. हा दावा २०१० च्या एका छोट्या अभ्यासातला, २०१५ मध्ये २०० लोकांवर तोच प्रयोग केला तर हार्मोनमध्ये काही फरक दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर सांगितलं की आता आपला या परिणामावर विश्वास नाही. इतकी वर्षं झाली तरी हे शिकवतायत. आरशासमोर एकटीने उभं राहून पॉवर येत असती तर दुसऱ्या माणसाची गरजच काय होती, आणि मॅडमचे तिन्ही शनिवार तर बरोबर याच्या उलट सांगत होते.

पाचवा शनिवार सगळ्यात जड गेला. मॅडमनी एका विमान अपघाताची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोडेओस विमानतळ, दाट धुकं, दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टनने परवानगी मिळालेली नसताना टेकऑफ सुरू केला. कॉकपिटमधल्या फ्लाईट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलं सुद्धा की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं नाहीये का. कॅप्टनने ठामपणे सांगितलं की गेलंय. त्यानंतर कोणी परत विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. तो कॅप्टन त्या कंपनीतला एकदम ज्येष्ठ ट्रेनर होता, बाकीचे त्याच्यासमोर किती बोलणार. कारणं अनेक होती, धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकमेकांवर आदळले होते, हे मॅडमनी नीट सांगितलं. पण तो एक प्रश्न आणि ते एक उत्तर ऐकताना मला माझंच "हो बघू" ऐकू येत होतं. आमच्याकडे लाईन बंद पडली, कोणाला लागलं नाही, एवढाच फरक.

अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि तिथून वैमानिकांसाठी वेगळं ट्रेनिंग सुरू झालं, ज्युनिअरने शंका कशी बोलायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची. मग मॅडमनी १९८९ ची अमेरिकेतल्या सू सिटीची गोष्ट सांगितली, मधलं इंजिन फुटून विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, वळवायला काही उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका ट्रेनर पायलटला, डेनी फिच यांना, आत घेतलं आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्यांच्या हातात दिले. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर कायम याचं श्रेय त्या ट्रेनिंगला आणि सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाला देत राहिले. आपलं विमान कोसळतंय आणि तुम्ही त्यातले सगळ्यात मोठे, आणि तेव्हा तुम्ही मागून आलेल्या माणसाला जागा करून देता, मला तरी लीडर म्हणजे हाच माणूस वाटला.

इथे मला स्वतःबद्दल अजून एक गोष्ट कळली. वरच्या मॅनेजर लोकांच्या मीटिंगमध्ये मी एकटीच बाई असते आणि तिथे माझं वाक्य नेहमी कोणीतरी पुरं करतं, मी दोन वर्षं याचा राग धरून होते. आणि खाली येऊन त्याच दिवशी मी त्या पोराचं वाक्य खाली पाडते. माणूस तीच, मजला वेगळा. हे दिसल्यावर राग गेला असं नाही, पण आता त्या रागाचा उपयोग होतो, तिथे मला जे झोंबतं ते इथे मी करतेय का हे बघायला.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की कोर्सला फक्त बॉस लोक. ज्युनिअरने शंका तीन पायऱ्यांत कशी बोलायची हे पाचव्या शनिवारी छान शिकवलं, आधी प्रश्न, मग "मला काळजी वाटतेय", मग सरळ "थांबा", पण ते शिकायला एकही ज्युनिअर तिथे नव्हता. आम्ही बॉसच एकमेकांचे ज्युनिअर होऊन नाटक करत होतो आणि सगळे फार धीटपणे बोलत होतो, कारण खरी भीती कोणालाच नव्हती. बोलणं दोघांचं असतं तर शिकायला दोघं पाहिजेत. सहावा शनिवार सर्टिफिकेट आणि फोटोत गेला. नंतरचा फॉलोअप म्हणजे एक ॲप, रोज एक सुविचार पाठवतं, मी काढून टाकलं. त्यापेक्षा दोन महिन्यांनी परत एक रेकॉर्डिंग मागवलं असतं तर कितीतरी उपयोग झाला असता. मी माझं मीच केलं, २४ मिनिटांत माझी ९ मिनिटं, आणि हेल्परची सहा वाक्यं, त्यातली दोन मला न पटणारी.

घ्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा की रेकॉर्डिंग आणि तक्त्याचं काम आहे का आणि ते कोण घेतं. आणि जमलं तर एकटे जाऊ नका, टीममधलं कोणीतरी बरोबर न्या, तुमच्याशी बोलायला कचरणारा असेल तर उत्तमच. मी संस्थेला लिहून कळवलंय की पुढच्या बॅचला आमच्या हेल्परला आणि काकांना दोघांनाही घ्या, इन्चार्ज नसले तरी. मॅडमचं उत्तर आलंय की त्या प्रयत्न करतील, ऑफिसचं अजून आलं नाही. आलं की इथे लिहीन.